तबकडी दिसली? आधी घड्याळ बघा!

२ एप्रिल २०२२ आठवतोय? शनिवार, गुढीपाडवा. श्रीखंड-पुरीची सुस्ती घालवायला लोक अंगणात, गच्चीवर आलेले आणि रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशाच्या आभाळातून जळते लोळ रांगेनं सरकत गेले. लगेच मोबाइल वर! कुणी म्हणालं उल्का, कुणी क्षेपणास्त्र, कुणी थेट यूएफओ.

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत तर आभाळ खरंच खाली आलं. जवळपास तीन मीटर व्यासाची धातूची कडी मोकळ्या जागेत आदळली. सुदैवानं कुणाला लागलं नाही. आसपास धातूचे गोळेही सापडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचे अवशेष होते. म्हणजे परग्रहावरचं काही नाही, शेजाऱ्यांचाच कचरा.

मग आपल्याला तबकडीच का सुचते? गंमत ऐका. १९४७ मध्ये अमेरिकी वैमानिक केनेथ अरनॉल्ड म्हणाला, की त्या वस्तू पाण्यावरून टप्पे घेत जाणाऱ्या बशीसारख्या उडत होत्या. तो बोलला चालीबद्दल, पेपरांनी छापला आकार. त्यानंतर लोकांना बश्याच दिसायला लागल्या! आपल्या पिढीच्या डोक्यात 'कोई मिल गया'चं यान आहेच.

पण २०२४ च्या पावसाळ्यात दौंड, बारामती, शिरूरकडे रात्री ड्रोन घिरट्या घालताना दिसले, तेव्हा कुणाला जादू आठवला नाही. आठवले चोर. गावं जागी राहिली. आकाशातला दिवा तसाच, भीती मात्र ज्याच्या त्याच्या घरची. आणि ही भीती फॉरवर्ड झाली की काय होतं, ते धुळ्याच्या राईनपाड्यानं १ जुलै २०१८ ला दाखवलंय. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि पाच निरपराध भटक्यांचा जमावानं घेतलेला जीव.

म्हणून सिंहगडावर किंवा होस्टेलच्या गच्चीत काही दिसलंच, तर आधी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसलं ते टिपा. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा मिनिटभरही रेंगाळतो. मोत्यांच्या माळेसारखे ठिपके शिस्तीत चालले असतील, तर बहुतेक स्टारलिंक. तरी कोडं सुटलं नाही, तर टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आभाळच बघतेय, त्यांना विचारा.

आणि काही खाली पडलंच तर सेल्फीसाठी हात लावू नका. विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लाडबोरीची कडीही शेवटी पोलिस ठाण्यातच जमा झाली.