प्राणी निवाऱ्यातून पहिला कुत्रा दत्तक घेताना : निवडीइतकीच पहिल्या तीन महिन्यांची तयारी महत्त्वाची

नवी दिल्ली : दिल्ली आणि परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यीय खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली. त्याच वेळी, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारीही न्यायालयाने अर्जदारावरच टाकली. कुत्रा रस्त्यावरून आणलेला असो वा प्राणी निवाऱ्यातून, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाची खरी कसोटी या दुसऱ्या अटीतच लागते.

निर्णयापूर्वी काय पाहावे?

कुत्र्याचे आयुर्मान साधारणपणे १० ते १५ वर्षांचे असते. या काळात घर बदलते, नोकरीत बदली होते, मुले शिक्षणासाठी बाहेर पडतात. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ फिरवणे, पशुवैद्यकाचा खर्च आणि गावी जाताना करावयाची व्यवस्था कोणाकडे असेल, हे घरातील सर्वांच्या संमतीने आधीच ठरवणे आवश्यक ठरते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाडेकरूंनी मात्र घरमालकाशी झालेल्या करारातील अटी तपासून घ्याव्यात.

पिल्लू मोहक वाटते. परंतु त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते, रात्री उठून बाहेर न्यावे लागते आणि मोठेपणी त्याचा स्वभाव कसा असेल हे सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याची शारीरिक वाढ पूर्ण झालेली असते आणि त्याच्या सवयी निवाऱ्यातील कर्मचाऱ्यांना बऱ्याच अंशी ठाऊक असतात. दिवसाचा बराच वेळ बाहेर राहणाऱ्या कुटुंबासाठी असा प्रौढ कुत्रा अधिक योग्य ठरू शकतो. आखूड केसांचे देशी कुत्रे येथील उष्ण हवामानालाही चांगले मानवतात.

निवाऱ्यात काय विचारावे?

रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरील लसी कधी दिल्या, निर्बीजीकरण झाले आहे का, गोचिडांमुळे होणारा ताप येऊन गेला आहे का, याची लेखी नोंद मागून घ्यावी. लहान मुले, मांजरे आणि इतर कुत्र्यांशी तो कसा वागतो, यापूर्वी कोणी दत्तक नेऊन परत केला आहे का आणि कशामुळे, हे प्रश्नही संकोच न करता विचारावेत.

पिंजऱ्यात कोपरा धरून निश्चल बसलेला कुत्रा शांत स्वभावाचाच असेल असे नाही. तो भेदरलेलाही असू शकतो. म्हणून दोन-तीन वेळा जाऊन, त्याला पट्टा बांधून पिंजऱ्याबाहेर फिरवून मगच निर्णय घेणे हिताचे. अनेक संस्था अर्ज भरून घेतात आणि घराची पाहणी करतात. ती अविश्वासाची खूण न मानता कुत्रा परत येऊ नये यासाठी घेतलेली दक्षता समजावी.

घरी आल्यावर काय घडते?

नव्या घरात रुळण्याचा काळ ढोबळमानाने तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने अशा टप्प्यांत सांगितला जातो. प्रत्येक कुत्र्याची गती मात्र वेगळी असते.

पहिल्या तीन दिवसांत तो खाटेखाली लपेल, अन्नाला तोंड लावणार नाही, घरातच लघवी करेल. या काळात पाहुण्यांना बोलावू नये. त्याला एक शांत कोपरा द्यावा आणि निवाऱ्यात मिळणारे अन्नच चालू ठेवून आठवडाभरात हळूहळू बदलावे. बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून किंवा गळपट्ट्यातून निसटून पळू शकतो. त्यामुळे छातीभोवतीचा पट्टाही वापरावा आणि गळ्यात दूरध्वनी क्रमांकाची पट्टी बांधावी. फटाक्यांच्या दिवसांत नवा कुत्रा आणणे टाळलेलेच बरे.

भीती ओसरली की तीन आठवड्यांच्या सुमारास त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. चपला कुरतडणे, भुंकणे, अन्नाजवळ कोणी आल्यास गुरगुरणे सुरू होऊ शकते. अनेक कुटुंबांचा धीर येथेच खचतो. गुरगुरणे हा इशारा असतो. त्यासाठी मारल्यास कुत्रा इशारा देणे सोडून थेट चावण्याची शक्यता वाढते. मुलांना त्याच्या अन्नापासून दूर ठेवावे. एकटे राहण्याची सवय काही मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यावी. ठरलेल्या वेळा पाळल्यास तीन महिन्यांत बरेच कुत्रे घराला सरावतात.

पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी आणि स्थानिक नियमांनुसार महापालिकेकडे नोंदणी करावी. कांदा, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि माणसांसाठीची पॅरासिटामॉलसारखी औषधे कुत्र्यांना घातक ठरतात. कुत्रा चावल्यास किंवा त्याचे दात वा नख लागून खरचटल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

जमले नाही तर?

प्रयत्न करूनही जमले नाही, तर कुत्रा निवाऱ्यातच परत द्यावा. प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात नमूद असलेला दंड मात्र अवघा १० ते ५० रुपये आहे. कुत्र्याला मोजावी लागणारी किंमत त्याहून कितीतरी मोठी असते. घरात वाढलेल्या कुत्र्याला वाहनांचा अंदाज नसतो, अन्न शोधता येत नाही आणि त्या भागातील कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत.

ज्यांच्या मनात साशंकता आहे, त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे. काही संस्था कुत्रा काही आठवड्यांसाठी तात्पुरत्या सांभाळासाठी देतात. कुटुंबाला त्यातून स्वतःची तयारी जोखता येते आणि कुत्र्यालाही तेवढे दिवस पिंजऱ्याबाहेर काढता येतात.