बारावीनंतर कबड्डीपटूचा पाय मोडला तर? आधी कोणाचा पैसा, मागून कोणाचा

एक साधा हिशेब करून पाहा. राळेगावच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डीचा सराव चालू आहे. चढाईत दोन पोरं एकमेकांवर आदळली आणि दोघांच्याही पायाचं हाड मोडलं. एक बारावीत शिकतो, दुसरा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मैदान तेच, शिक्षक तेच, दुखणंही तेच. पण सरकार दरबारी दोघांचा हिशेब वेगळा लागतो. बारावीतल्या पोराच्या दवाखान्याचा खर्च भरून मागायला शासनाची योजना आहे. दुसऱ्याच्या वेळी तिचं दार बंद झालेलं असतं.

हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. पोरगा दवाखान्यात पडला की मग धावपळ सुरू होते. कोणी म्हणतं, बँकेचा विमा आहे ना? कोणी म्हणतं, पिवळं कार्ड दाखवा. कोणी म्हणतं, कॉलेज देईल. तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे, पण कोणतंच पुरतं खरं नाही. म्हणून कोणता पैसा आधी येतो, कोणता मागून येतो आणि कोणता मुळीच येत नाही, हे आजच समजून घ्या.

बारावीपर्यंतचं छत्र

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. जून २०२२ मध्ये तिच्या रकमा वाढल्या. अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास एक लाख आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार रुपये मिळतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. क्रीडास्पर्धेत खेळताना विद्यार्थी जखमी झाला, तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च एक लाख रुपयांपर्यंत मिळू शकतो. प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तेव्हा मूळ बिलं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र सांभाळून ठेवा आणि मुख्याध्यापकांना अपघाताच्या दिवशीच लेखी कळवा.

अकरावी-बारावी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, म्हणून ती पोरं या योजनेत बसतात. पदवीच्या वर्गात नाव घातलं की ही योजना संपते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तर तिथूनच सुरू होतात. म्हणजे खेळ जोरात येतो आणि छत्र निघून जातं!

अमेरिकेतली रीत

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाचा कारभार एनसीएए नावाची संस्था पाहते. तिथल्या अनेक महाविद्यालयांत रीत अशी आहे की खेळाडू जखमी झाला तर आधी त्याच्या आईबापाचा आरोग्य विमा बिल भरतो आणि जे उरतं त्यावर महाविद्यालयाचा विमा येतो. याला दुय्यम विमा म्हणतात. फार मोठी दुखापत झाली तर एनसीएएची स्वतंत्र पॉलिसी आहे, पण तीही ९० हजार डॉलरच्या वरच्या खर्चालाच लागू होते. कॉलेज सोडल्यावरही जुनी दुखापत छळते, हे ओळखून १ ऑगस्ट २०२४ पासून पुढची दोन वर्षं संरक्षण देण्याची सोयही तिथे झाली आहे.

यातून आपण एकच गोष्ट घ्यायची. एकट्या विम्याने भागत नाही, तो एकावर एक रचावा लागतो. कोणता खाली आणि कोणता वर, हे आधी ठरलेलं असलं की दवाखान्याच्या दारात वाद होत नाही.

आपल्याकडे खालचा थर कोणता?

आपल्या घरांसाठी पहिला थर म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अडचण राहिलेली नाही. मात्र तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, उपचार योजनेतल्याच दवाखान्यात घ्यावे लागतात. दोन, योजनेच्या यादीत असलेल्या उपचारालाच पैसा मिळतो. तीन, ही योजना बिनपैशाच्या उपचाराची आहे. आधी खिशातून भरायचं आणि मागून बिल मागायचं, असं इथे चालत नाही.

म्हणून पोराला यवतमाळला नेता, सावंगीला नेता की सेवाग्रामला नेता, हे ठरवतानाच विचारा की हे हाड किंवा गुडघ्याची ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. डॉक्टरांइतकीच त्याचीही गाठ घेणं जरूर आहे. सोबत शिधापत्रिका आणि आधार असू द्या.

वीस रुपयांचा विमा काय देतो?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये आली. तेव्हा हप्ता १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. वय १८ ते ७० असावं आणि बँकेत बचत खातं असावं. मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे, दोन हात, दोन पाय गेल्यास दोन लाख मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख मिळतो.

पण नीट वाचा, हाड मोडलं तर या योजनेतून एक पैसाही मिळत नाही. दवाखान्याचं बिलही मिळत नाही. ‘बँकेचा विमा आहे’ म्हणून निश्चिंत बसणारे इथेच फसतात. तरीही २० रुपयांत एवढं संरक्षण दुसरीकडे सापडणार नाही, तेव्हा पोराला १८ पूर्ण होताच त्याच्या खात्यातून ते सुरू करा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेर बियाण्या-खतापायी खाती रिकामी होतात आणि नेमक्या त्याच वेळी हप्ता कापला जातो. खात्यात २० रुपये नसले तर विमा तुटतो. अपघात झालाच तर ३० दिवसांच्या आत बँकेत दावा द्या.

सातबारा असलेल्या घराला आणखी एक आधार आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती येते. खातेदाराचा मुलगा किंवा अविवाहित मुलगीही त्यात बसू शकते. मृत्यूला दोन लाख, दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा. मोटार शर्यतीतला अपघात यातून वगळला आहे, कबड्डी-खोखो वगळलेले नाहीत. मात्र शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या अपघात योजनेचा लाभ घेतला असेल, तर इथे तो पुन्हा मिळत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकण्याआधी कोणता लाभ जास्त, ते पाहून घ्या.

दोन विमे असतील तर?

काही घरांत वडिलांची किंवा थोरल्या भावाची आरोग्य पॉलिसी असते. मुलगा साधारण २५ वर्षांपर्यंत आणि घरावर अवलंबून असेपर्यंत त्यात धरता येतो, पण आपल्या पॉलिसीत काय लिहिलं आहे ते वाचा. अशा दोन पॉलिसी असल्या तर दावा आधी कोणाकडे करायचा ते तुम्ही ठरवता. पहिल्या कंपनीची रक्कम कमी पडली, तर उरलेलं दुसरीकडे मागता येतं. त्यासाठी पहिल्या कंपनीचं किती रक्कम दिली त्याचं पत्र आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती लागतात. मूळ बिलं एकदा जमा झाली की हातात काही राहत नाही, म्हणून आधीच झेरॉक्स काढा.

सूत्र सोपं आहे. दवाखान्याचा खर्च एकदाच भरून मिळतो, मग पॉलिसी दोन असोत की चार. अपघात विम्याची ठराविक रक्कम मात्र प्रत्येक पॉलिसीतून वेगळी मिळते. बिलावर नफा होत नाही, पण दोन विमे असले तर बिलातली खोट भरून निघते.

सरपंच, ग्रामसेवक आणि मंडळांसाठी

मुंबई-ठाण्याच्या गोविंदांसाठी शासनाने २०२३ पासून विम्याचा हप्ता भरला आणि २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना हे संरक्षण दिलं. चांगली गोष्ट आहे. मग आपल्या गावच्या कबड्डी सामन्यात मंडप, भोंगा आणि ढालीला पैसा निघतो, तर खेळाडूंच्या विम्याला का निघू नये? न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या गटाचा अपघात विमा देतात. खेळाडूंची नावं आणि वयं सामन्याआधी द्यावी लागतात. पॉलिसी घेताना दोनच प्रश्न विचारा: हाड मोडल्यावर दवाखान्याचा खर्च मिळतो का, आणि खेळताना झालेली दुखापत वगळली तर नाही ना? ‘हो, मिळेल’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका, कागदावर दाखवा म्हणा.

महाविद्यालयांनाही पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारलं पाहिजे की खेळाडूंसाठी अपघात विमा आहे का, किती रकमेचा, आणि सरावाच्या वेळचा अपघात त्यात धरतात की फक्त सामन्याचा. विचारणारे पालक वाढले तर महाविद्यालयं सोय करतील.

शेवटी हिशेब एवढाच. बारावीपर्यंत शाळेची योजना, सगळ्या घराला जनआरोग्य, १८ नंतर २० रुपयांचा विमा, सातबाऱ्यावर मुंडे योजना आणि त्यावर महाविद्यालयाचा किंवा मंडळाचा गट विमा. बारावी झाली पण १८ पूर्ण नाहीत अशा पोराला बँकेचा विमाही मिळत नाही, त्याची काळजी सर्वांत जास्त घ्या. पाणी येण्याआधी पाळ बांधावी लागते. पोरगा मैदानात उतरण्याआधी हे कागद एका पिशवीत घालून ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या बाईमाणसालाही सांगून ठेवा. अपघात झाला त्या दिवशी तुम्ही वावरात असाल आणि दवाखान्यात आधी तीच पोचेल.