एलईडी दिव्याची उष्णता

सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेच. त्या धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची क्षमता १०० मेगावॅट आहे. २०१५ साली केंद्राची ‘उजाला’ योजना कर्नाटकात ‘होस बेळकु’ या नावाने आली आणि नऊ वॅटचा एलईडी दिवा घरोघरी पोहोचला. हा दिवा थंड असतो, असे आपण ग्राहकास सांगतो. परंतु ते विधान अर्धेच खरे आहे.

जुन्या दिव्यातील तार सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापे. विजेचा शेकडा नव्वदहून अधिक भाग उष्णतेत जाई; पण त्यातील बरीचशी उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने बाहेर फेकली जाई. एलईडीचे तसे नाही. त्याच्या प्रकाशात उष्ण किरण जवळजवळ नसतात. नऊ वॅटपैकी सुमारे सहा वॅट उष्णता आतच निर्माण होते आणि तिला मानेतील अ‍ॅल्युमिनियमवाटेच हवेत जावे लागते. म्हणून घुमट कोमट व मान चांगलीच तापलेली आढळते. हा दोष नव्हे. उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण होय. उलट वजनाने अगदी हलक्या, स्वस्त दिव्यात धातू पुष्कळदा कमी असतो व उष्णता आतच कोंडते.

खरे नुकसान होते ते मानेतील विद्युत्-मंडलाचे. त्यातील कपॅसिटर नावाचा भाग उष्णतेस फार नाजूक; उष्णतामान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. २५,००० तासांचा दिवा रोज पाच तास लावल्यास तेरा वर्षांहून अधिक टिकावा; पण वीस अंश अधिक तापणारा कपॅसिटर साडेतीन वर्षेही गाठणार नाही.

आपल्याकडील पावसाळा मोठा. किडे व ओल आत शिरू नये म्हणून दिवा बंद काचेच्या हंडीत लावण्याची रीत आहे. त्यात दिवा उलटा टांगलेला असला म्हणजे तापलेली हवा वर चढून नेमकी मानेभोवती साचते. यापेक्षा वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी उघडा दिवा बरा. हंडी हवीच असेल तर कमी वॅटचा, अथवा बंद हंडीत चालेल असे वेष्टनावर छापलेला दिवा द्यावा. मानेस हात लावून पाहणे झाल्यास बटण बंद करून, थोड्या वेळाने पाहावे.

परत आलेला दिवा बदलून देण्यापूर्वी तो कोठे लावला होता, एवढे अवश्य विचारावे. हंडी तीच राहिली तर नवा दिवाही थोड्याच दिवसांत दुकानी परत येईल.