इंजिनावरचं पाणी, मोटरीवरचं पाणी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायती गावात विचारा, "पाणी कशावर आहे?" उत्तर एका शब्दात येतं: 'इंजिनावर' किंवा 'मोटरीवर'. इंजिन म्हणजे डिझेल घालून, हँडल मारून चालू करायचं, गरज पडली तर बैलगाडीत घालून ओढ्याकाठी नेता येणारं. मोटर म्हणजे विजेची. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की चालू, लाइट गेली की बंद. या दोन शब्दांची गल्लत गावात कुणी करत नाही. ज्या भाषेतून ते आपल्याकडे आले, त्या इंग्रजीत मात्र त्यांची इतकी सरमिसळ झाली आहे की तिथले जाणकारही अडखळतात.

'इंजिन'चं मूळ लॅटिनमधल्या 'इंजेनियम' या शब्दात आहे. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत तो डोकं लढवून केलेल्या कोणत्याही साधनाला लागू झाला. मध्ययुगात किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारं यंत्रही 'एंजिन'च होतं. १७९३ मध्ये एली व्हिटनेने अमेरिकेत सरकी वेगळी करण्याचं यंत्र बनवलं. त्याच्या नावातलं 'जिन' म्हणजे 'एंजिन'चंच तुटलेलं शेपूट. यवतमाळ-अकोल्याकडे आपण 'जिनिंग' म्हणतो, तेव्हा हाच जुना अर्थ आपल्या तोंडी असतो. चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये आकडेमोडीच्या यंत्राला 'डिफरन्स एंजिन' म्हटलं. त्यात जळण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त दातेरी चाकं होती.

मग इंजिनाशी आग जोडली गेली ती पाण्यामुळे. १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन इंग्लंडमधल्या डडलीजवळ एका कोळशाच्या खाणीवर उभं राहिलं. खाणीत साचलेलं पाणी उपसणं हेच त्याचं काम. पुढे जेम्स वॉटने त्याची उधळी भूक कमी केली, १७६९ मध्ये पेटंट घेतलं, आणि शंभर वर्षांत 'इंजिन' म्हणजे जाळून चालणारं यंत्र हा अर्थ रूढ झाला.

'मोटर' सरळ आहे: लॅटिनमध्ये हलवणारा, गती देणारा. १८२१ मध्ये मायकेल फॅरडेने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली आणि विजेच्या मोटरीचं तत्त्व सिद्ध झालं. हा शब्द विजेकडेच राहिला असता तर घोटाळा झाला नसता. पण जर्मन भाषेत आत जळण होणारं यंत्रही 'मोटोर'च. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेली गाडी 'मोटोरव्हागेन', आणि रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये आपल्या कल्पनेवर पुस्तक लिहिलं तेव्हा तिला 'उष्णतेची मोटर' म्हटलं. ज्याच्या नावाचं इंधन आपण इंजिनात ओततो, तो स्वतः त्या यंत्राला मोटर म्हणत होता! इंग्रजीनेही पेट्रोलच्या गाडीला 'मोटरकार' म्हटलं, आणि तिथून 'मोटार', 'मोटारसायकल' हे शब्द मराठीत आले. आपल्या टेल्कोची स्थापना १९४५ ची. तिच्या पूर्ण नावात 'लोकोमोटिव्ह' होतं, कारण जमशेदपूरला ती रेल्वेची इंजिनं बनवायची. २००३ मध्ये तीच कंपनी टाटा मोटर्स झाली.

अभियंत्यांनी या गोंधळातून एक नियम काढला आहे आणि तो मला पटतो. इंजिन इंधनात कोंडलेली ऊर्जा स्वतः उष्णतेच्या रूपात मोकळी करतं आणि तिची गती बनवतं. मोटरीला ऊर्जा आयती मिळते, तारेतून विजेच्या रूपात किंवा नळीतून दाबाखालच्या तेलाच्या रूपात, आणि ती तिचं फिरण्यात रूपांतर करते. खोदकामाच्या पोकलेनमध्ये दोन्ही असतात. डिझेल इंजिन तेलाला दाब देतं आणि त्या दाबावर पट्ट्यांजवळच्या हायड्रॉलिक मोटरी फिरतात. नियमाला अपवाद आहेतच. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा घन इंधनाचा, त्याला 'मोटर' म्हणतात. दुसऱ्या टप्प्यातल्या द्रव इंधनाच्या 'विकास'ला 'इंजिन' म्हणतात. जळण दोन्हीकडे आहे. इथे नियम चालत नाही, वहिवाट चालते.

मुंबईच्या रेल्वेत तर हे दोन शब्द रोज शेजारी धावतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती साहिब, सिंध आणि सुलतान या वाफेच्या इंजिनांच्या बळावर. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. लोकलला वेगळं इंजिन नसतं. मोटरी डब्यांखालीच बसवलेल्या असतात, म्हणून ती चालवणारा 'मोटरमन'. पण लांब पल्ल्याच्या गाडीला पुढे जोडलेलं विजेचं धूड, ज्याच्या पोटातही मोटरीच आहेत, त्याला आपण 'इंजिन'च म्हणतो. तिथे शब्दाचा अर्थ 'जाळणारं' नसून 'पुढे राहून ओढणारं' असा झाला आहे. डिझेलवरच्या बहुतेक मोठ्या इंजिनांत तर डिझेलने वीज तयार होते आणि चाकं त्या विजेवरच्या मोटरी फिरवतात.

आता पुन्हा विहिरीकडे. सावता माळ्यांच्या अभंगांत मोट आणि नाडा येतात, म्हणजे 'मोट' हा शब्द आपल्याकडे विजेच्या मोटरीच्या कितीतरी शतकं आधीचा. 'मोटर' त्याच्या जागी येऊन बसली हा उच्चाराचा योगायोग, नात्याचा नव्हे. मोटेचं बळ बैलांचं होतं, आणि बैल शेतकऱ्याचे. पुढे सातारा रोडला कूपरांनी आणि १९४६ पासून पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने डिझेल इंजिनं बनवली. इंजिनाला तेल विकत घ्यावं लागलं, पण टाकी शेतकऱ्याच्या ताब्यात राहिली. पाणी केव्हा द्यायचं हे तोच ठरवत होता. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं, खांब शिवारात पोचले आणि मोटर आली. तिला ना तेलाचा खर्च, ना धूर. पण तारेचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात होतं.

गिरणगावातही हेच झालं होतं. गिरणीचं स्वतःचं बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्या तारेला जोडल्या जाऊ लागल्या. तिथे तारेमागे धो धो कोसळणारं पाणी होतं. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीमागे बरेचदा चंद्रपूरसारखं केंद्र असतं. त्याची क्षमता २,९२० मेगावॉट. कोळसा जाळून वाफ आणि वाफेवर टर्बाइन, म्हणजे अर्थाने ते इंजिनच. मोटर मिळालेल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर कामात आणते हे खरं, पण कोळशातल्या उष्णतेचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग वीज होण्याआधीच केंद्रात वाया जातो. मोटर आली म्हणून इंजिन गेलं नाही, ते नजरेआड झालं. त्याची राख आणि धूर चंद्रपूरच्या माणसांच्या वाट्याला आला.

म्हणून या दोन शब्दांतला फरक मला व्याकरणापेक्षा मोठा वाटतो. इंजिनवाल्याला तेलाचा भाव छळतो, मोटरवाल्याला वेळापत्रक. तीन फेजची लाइट आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीत, सापाकिरड्याच्या भीतीत, बॅटरी हातात घेऊन बारे द्यायला जाणारा शेतकरी त्या तारेची किंमत मोजत असतो. २०१९ ची केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ ची राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांचं महत्त्व मला इथे दिसतं. सौरपंपाची मोटर दिवसा चालते आणि तिची ऊर्जा बांधावरच तयार होते. बैल आणि टाकीनंतर बळाचं उगमस्थान पुन्हा शेतात येत आहे. ढगाळ दिवसांची अडचण मोठी आहे, तरीही हा बदल योग्य दिशेचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी विश्वकोशाने मोटरीसाठी 'चलित्र' हा प्रतिशब्द वापरला आणि 'एंजिन' मात्र तसंच ठेवलं. विहिरीवर 'चलित्र' कुणी म्हणत नाही. तिथे मोटर जळते, वाइंडिंग भरून आणावं लागतं, फूटव्हॉल्व्हचा 'फुटबॉल' होतो, इंजिनाच्या रिंगा जातात. त्याआधीचे धाव, थारोळं, नाडा हे शब्द तर आता मोट हाकलेल्या मोजक्या म्हाताऱ्यांपाशीच उरले आहेत. वाचकांपैकी ज्यांचं गाव अजून विहिरीशी जोडलेलं आहे, त्यांनी या दिवाळीत घरी गेल्यावर आजोबांना, गावच्या वायरमनला, इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे शब्द विचारावेत आणि अर्थासकट, वापराच्या वाक्यासकट वहीत उतरवून ठेवावेत. बोलीकोश करणाऱ्यांना अशा वह्यांची फार गरज आहे.