पावसाळा एक जूनलाच सुरू होतो?

25 मे 2025 रोजी बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली आणि नीरा डावा कालवा फुटला. दुसऱ्याच दिवशी मान्सून पुण्या-मुंबईत पोचल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं. पण पावसाच्या नोंदींतून ‘जून ते सप्टेंबर’ एवढेच महिने निवडणारा प्रोग्राम चालवला, तर हे सगळं पाणी हिशेबातून गायब होतं.

जून-सप्टेंबर म्हणजेच पावसाळा, हा पहिला गैरसमज. हवामान विभाग वर्षावर्षांची तुलना करता यावी म्हणून हे चार महिने ठरवून धरतो. मान्सून लवकर आला तरी मेमधला पाऊस पूर्वमोसमीच गणला जातो. तुलनेसाठी ते योग्यच आहे. मात्र प्रश्न विहिरीच्या पातळीचा किंवा उसाच्या ओलाव्याचा असेल, तर या पर्जन्यछायेच्या भागात मेची वळवाची सर आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस धरलाच पाहिजे.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो, कारण चूक दिसत नाही: शेवटची तारीख 30 सप्टेंबर दिली की तो दिवस पूर्ण आला, असं वाटतं. पायथनच्या पांडास लायब्ररीत डेट-रेंज दोन्ही टोकं धरते, त्यामुळे रोजच्या नोंदींना अडचण नाही. तासागणिक मालिका मागितली, तर ती 30 तारखेच्या मध्यरात्री शून्य वाजताच थांबते आणि दिवसाचे उरलेले तास बाहेर राहतात. उलट त्याच लायब्ररीत तारखा मजकुराच्या रूपात देऊन नोंदींचा तुकडा कापला, तर 30 तारीख पूर्ण येते. म्हणून शेवट 1 ऑक्टोबर द्यावा आणि ते टोक वगळायला सांगावं. शिवाय पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला, मागच्या 24 तासांची होते. म्हणजे 1 जूनच्या आकड्यात बराचसा 31 मेचा पाऊस असतो.

वर्षही जानेवारीतच सुरू व्हायला हवं असं नाही. साखर वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं गाळप कॅलेंडर वर्षानुसार गटवलं, तर एका हंगामाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटतो. पांडासला सप्टेंबरअखेर वर्ष सांगता येतं. फक्त ते नाव शेवटच्या वर्षाचं देतं, म्हणजे नोव्हेंबर 2024 हा 2025 मध्ये पडतो.

आडसाली उसाला तर तेही पुरत नाही. जुलै-ऑगस्टची लागण सोळा ते अठरा महिन्यांनी तुटते, म्हणून ती एका साखर वर्षात मावत नाही. तिथे प्रत्येक प्लॉटची लागण आणि तोडणी अशा दोन तारखाच साठवाव्यात. खोडव्याचं वय मागच्या तोडणीच्या तारखेपासून मोजावं.