डिझेलच्या टाकीत वनस्पतितेल : शक्यता, मर्यादा आणि शेतकऱ्याचा हिशेब

सन १९०० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींना स्थानिक पिकांतूनच इंधन मिळावे, ही त्यामागे फ्रेंच शासनाची अपेक्षा होती. पुढे १९१२ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांनी या प्रयोगाची आठवण नोंदविताना, इंजिन इतके सुरळीत चालले की इंधन बदलल्याचे फार थोड्यांच्या लक्षात आले, असे नमूद केले. खनिज तेल स्वस्त झाले आणि ही कल्पना मागे पडली. डिझेलचे दर वाढले की ती पुन्हा पुढे येते. घाण्यावरचे तेल थेट ट्रॅक्टरमध्ये किंवा मोटारीत का घालू नये, असा प्रश्न शेतकरी विचारू लागतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इंजिन, झाड व कीड या तिन्हींकडे पाहून द्यावे लागते.

दाटपणाचा अडसर

वनस्पतितेल जळते, त्यात उष्मांकही पुरेसा असतो. अडचण आहे ती दाटपणाची. ४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलचा दाटपणा (श्यानता) साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, तर करंज, जट्रोफा वा सोयाबीन तेलाचा सुमारे ३० ते ४०. एरंडेल तर दोनशेच्याही पुढे जाते. असे दाट तेल इंजेक्टरमधून बारीक तुषारांच्या रूपात फवारले जात नाही. मोठे थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी काजळी साचते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल खाली झिरपून वंगणाला घट्ट करते. हे नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही, शेकडो तासांच्या वापरानंतर उघड होते. ‘आठवडाभर चालवून पाहिले, काही झाले नाही’ हा दाखला म्हणूनच फसवा ठरतो.

यावर दोन टाक्यांची पद्धत वापरली जाते. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन थंड ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या साहाय्याने तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवायचे, मग तेलाच्या टाकीवर जायचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर यायचे, म्हणजे नळ्यांत तेल गोठून राहत नाही. जुन्या अॅम्बॅसिडरसारख्या, पूर्वज्वलन कक्ष असलेल्या डिझेल गाड्या आणि मंद गतीने चालणारी एका सिलिंडरची पंपाची इंजिने हा प्रयोग बऱ्यापैकी सोसतात. आधुनिक ‘कॉमन रेल’ इंजिनांत मात्र इंधन दीड हजार बारहून अधिक दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल मोटारींत धूर गाळणारी नाजूक यंत्रणाही असते. अशा गाडीत कच्चे तेल घालू नये.

बायोडिझेल : तेलाचे रूपांतर

इंजिन बदलण्याऐवजी तेल बदलणे हा दुसरा मार्ग होय. तेलात मिथेनॉल व अल्कली उत्प्रेरक मिसळून तापविल्यास ग्लिसरीन वेगळे होते आणि डिझेलच्या जवळपास दाटपणा असलेले मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल मिळते. साधारण १०० किलो तेलास १० ते ११ किलो मिथेनॉल लागते व सुमारे १० किलो ग्लिसरीन निघते. करंज तेलात मुक्त मेदाम्ले अधिक असल्यास अल्कलीमुळे साबण तयार होतो. अशा तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे काम घराच्या ओसरीवर करण्याचे नाही. शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे आणि त्यात बसणारे इंधनच वाहनासाठी विचारात घ्यावे.

झाड आणि कीड

देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेचा अर्ध्याहून अधिक भाग आयातीतून भागतो. त्यामुळे भारतात इंधनाचा विचार अखाद्य तेलांपुरताच मर्यादित राहिला. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाच्या (मोगली एरंडाच्या) आधारे २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे स्वप्न मांडले; ते साकार झाले नाही. पडीक जमिनीवर पाण्याविना हे झुडूप जगते, परंतु जगणे आणि भरघोस फळणे यांत अंतर आहे.

त्या अंतरात कीटकांचा वाटा मोठा आहे. जट्रोफाच्या फुलोऱ्यात एका मादी फुलामागे साधारण वीस ते तीस नर फुले असतात आणि फलधारणेसाठी मधमाश्यांसारख्या परागवाहकांची गरज भासते. ‘जनावरे तोंड लावत नाहीत’ म्हणून या झाडाला कीड नसावी, असा समज होता. प्रत्यक्षात सलग लागवडीत स्क्युटेलेरा हा चकचकीत ढालकिडा कोवळ्या फळांतील रस शोषतो व फळे गळतात. पेम्पेलिया पतंगाची अळी फुलोरा जाळ्यात गुंडाळून बोंडे पोखरते. विखुरलेल्या झाडांवर न जाणवणारी कीड एकसुरी लागवडीत बळावते.

करंजाची स्थिती काहीशी वेगळी आहे. सूक्ष्म कोळी त्याच्या पानांवर बोटांसारख्या गाठी निर्माण करतात, तरी बांधावरचे, ओढ्याकाठचे जुने झाड तग धरते. मात्र लावल्यानंतर फळासाठी अनेक वर्षे थांबावे लागते, झाडागणिक उत्पन्न फार बदलते आणि गावच्या घाण्यावर एक किलो तेलासाठी साधारण चार किलो बी लागते. शेंगा वेचणे व फोडणे हे उन्हाळ्यातील कष्टाचे काम आहे. मजुरी धरल्याविना केलेला हिशेब खोटा निघतो.

उरलेली पेंड मात्र हिशेबात जमेस धरावी. तिच्यात सुमारे चार टक्के नत्र असते आणि करंजीन या घटकामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. करंज तेलही रसशोषक किडींविरुद्ध फवारणीत उपयोगी पडते. म्हणून तेलाचा प्रत्येक थेंब टाकीत घालण्यापूर्वी फवारणी पंपात त्याला अधिक मोल आहे का, हे ताडून पाहणे हितावह ठरेल.

पुढची दिशा

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे अधिक वास्तव उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आणि वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळविण्याचा उपक्रम सुरू केला. खाण्यास अयोग्य तेल पुन्हा कढईत न जाता इंधन होणे आरोग्याच्या दृष्टीनेही श्रेयस्कर आहे.

शेतकऱ्यांनी नव्या ट्रॅक्टर-मोटारींवर कच्च्या तेलाचे प्रयोग टाळावेत. जुन्या पंपाच्या इंजिनावर करायचेच असल्यास तेल गाळून, निवळून, तापवून व डिझेलमध्ये अल्प प्रमाणात मिसळून करावेत. वंगण लवकर बदलावे आणि इंजेक्टर नियमित तपासावा. जट्रोफाची सलग लागवड करण्याऐवजी बांधावर करंज व कडुनिंब, कोकण किनाऱ्यावर उंडी अशी मिश्र लागवड ठेवल्यास परागवाहकांना आसरा मिळतो, किडींचा जोर विभागला जातो आणि एखाद्या वर्षी तेल निघाले नाही तरी सावली, पेंड व सरपण हाती राहते.