तळ्यात पिल्लं येतात कुठून?

नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा... या बाजूला तुमचं गाव असेल, तर गावाला एखादं तळं असणारच. तळं नसलं तर निदान बोडी तरी. चंद्रपूर, गडचिरोली आणि शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात अशी तळी हजारोंनी आहेत आणि त्यातली कितीतरी शेकडो वर्षं जुनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या, पावसाचं पाणी अडवलं आणि त्यावर धान पिकवलं. यांनाच आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव.

या पाण्यात ढिवर बांधव जाळं टाकतात. जाळ्यात येतात रोहू, कटला, मृगळ. आता गंमत ऐका. हे तिघं तळ्यात मजेत राहतात, चांगले किलो-दोन किलोंचे होतात. पावसाळा आला की मादीच्या पोटात लाखांनी अंडी भरतात. पण ती अंडी काही घालत नाही! पाऊस सरतो आणि अंडी पोटातल्या पोटात विरून जातात.

असं का? कारण हे मूळचे गंगेसारख्या मोठ्या नद्यांमधले मासे. पूर आला, गढूळ पाणी जोरात वाहू लागलं, काठावरची जमीन बुडाली, की त्यांच्या मेंदूला कळतं : आता वेळ झाली. मेंदूच्या खाली पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. मेंदूने तिला सांगितलं की ती रक्तात संप्रेरकं सोडते आणि मग मादी अंडी घालते. तळ्याचं पाणी उभं. तिथे तो पूर नाही, म्हणून तो निरोपही नाही.

मग पूर्वी लोक काय करायचे? पुराच्या वेळी नदीतून पिल्लं गाळून आणायचे. बंगालमधून तर मडक्यात भरलेली पिल्लं आगगाडीने दूरदूर जायची. वाटेत किती मरायची! शिवाय इतक्या लहान पिल्लांत रोहू कोणता आणि रोहूला खाणारा कोणता, हे कोण ओळखणार?

हे कोडं सोडवलं हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने. ओडिशातल्या अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी. त्यांनी एका माशाची पीयूषिका ग्रंथी काढली, वाटली आणि तिचा अर्क अंड्यांवर आलेल्या मादीला टोचला. पूर नाही, नदी नाही, तरी मादीने अंडी घातली! त्यांच्या कामात डॉ. के. एच. अलिकुन्ही यांचा मोठा वाटा होता. १० जुलै हा आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. एवढ्याशा ग्रंथीने साऱ्या देशाची तळी भरली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता त्या ग्रंथीऐवजी कारखान्यात तयार केलेलं औषध टोचतात. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. आधी निघतात मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. मच्छीमार सहकारी संस्था ही बोटुकली विकत घेऊन तळ्यात सोडते. कटला, रोहू आणि मृगळ एकत्र का सोडतात, माहीत आहे? तळं म्हणजे त्यांना तीन मजली घर. कटला वरच्या मजल्यावर चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

पण तळ्यात असेही मासे आहेत, ज्यांना इंजेक्शन लागत नाही की विकतचं बीज. मरळ बघा. मरळीची जोडी पाणवनस्पतींच्या मधली थोडी जागा साफ करते, तिथे तरंगणारी अंडी घालते आणि राखण करत बसते. पिल्लं निघाली, की त्यांचा लालसर-केशरी घोळका पाण्यावर फिरतो आणि मोठा मासा त्यांच्याखालीच पहारा देतो. मरळ हवेतही श्वास घेते. वर येऊन हवा घेऊ दिली नाही, तर हा मासा चक्क बुडून मरतो!

या देशी माशांना फक्त एक गोष्ट हवी : पाण्यातल्या वनस्पती. त्यांच्या आडोशाला अंडी राहतात, पिल्लं लपतात आणि त्यांचं खाणंही तिथेच तयार होतं. त्या वनस्पतीच हरवल्या तर? झालं तसंच. काठांवर बेशरमीची झुडपं माजली. काही तळ्यांत गवत्या मासा सोडला, त्याने पाणवनस्पती फस्त केल्या. देशी मासे कमी होत गेले.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागातले पतिराम तुमसरे हे ढिवर समाजातले जाणकार आणि भंडाऱ्याच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी यावर काम सुरू केलं. त्यांनी जुन्या लोकांना विचारलं : कोणती वनस्पती कुठे उगवायची? उथळ पाण्यात की खोल? कोणता मासा कशाच्या आधाराने अंडी घालायचा? ते सगळं नोंदवलं. मग उन्हाळ्यात तळी उतरली, तेव्हा बेशरम मुळासकट उपटली, तळाचा थोडा भाग नांगरला आणि पाऊस सुरू होताच दुसऱ्या चांगल्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. शेतात रोवणी होत होती, तशी तळ्यातही! हळूहळू देशी मासे वाढले, पाणपक्षीही आले.

प्रयोगशाळेतल्या माणसाने मेंदूखालची ग्रंथी कामाला लावली आणि जाळं विणणाऱ्या माणसाला पाण्याखालची रोपं ठाऊक होती. मला विचाराल तर दोघेही शास्त्रज्ञच.

आता तुमच्यासाठी काम. मोठ्या माणसाला सोबत घेऊन तळ्याच्या पाळीवर बसा. मरळ हवा घ्यायला वर आली, की वेळ टिपा. पुन्हा कुणी वर आलं की पुन्हा टिपा. सकाळी आणि भर दुपारी फरक पडतो का बघा. पावसाळ्यात केशरी घोळका दिसला, तर दगड मारू नका. तो कुठे दिसला आणि तिथे कोणती वनस्पती होती, ते वहीत लिहा. त्या वनस्पतीचं नाव गावातल्या ढिवर आजोबांना किंवा आजीला विचारा. वहीत तेच नाव लिहा, त्यांनी सांगितलं तसंच.